अठ्ठावीस

कोणी कॉम्प्युटरसमोर बसलं की काका त्याच्या मागे स्टूल ओढून बसायचे आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. त्यांच्या घरी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी कारण विचारलं.

"मोकळे राहिले की पुढे जातात," काका म्हणाले. "माउस हिसकावतात. मग समोरचा कुठे अडला असता, ते कायमचं कळायचं राहून जातं."

दोन हजार चार साल होतं. पुण्याहून मी जर्मनीत, लुडविग्सहाफेनजवळच्या एका पंपांच्या कंपनीत नोकरीला आले होते आणि ओळखीच्या ओळखीतून या घरातली मागची खोली मला भाड्याने मिळाली होती. काका मूळचे सांगलीचे. सत्तरच्या दशकात केमिस्ट म्हणून जर्मनीत आले, तीस वर्षं प्रयोगशाळेत काढून निवृत्त झाले. लग्न केलं ते पन्नाशीला टेकल्यावर. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली भिंत पडल्यावर पूर्वेकडच्या सॅक्सनीतून इकडे आलेल्या एका ग्रंथपाल बाईंशी. त्या काकू. काकांनी त्यांना हौसेने 'अहो' शिकवलं होतं, पण काकू ते नाव समजूनच वापरत. पोस्टमन आला की सांगत, "आहो घरी नाही."

आनमेल्डुंगसाठी, म्हणजे मी या पत्त्यावर राहते अशी नोंद करण्यासाठी, काका माझ्याबरोबर सरकारी कचेरीत आले. माझा नंबर यायला तास होता. तेवढ्या वेळात ते टेबलापाशी उभे राहून इतर लोक फॉर्म कसा भरतात ते पाहत राहिले. माझी पाळी आली तेव्हा माझ्याआधी तेच खिडकीशी गेले आणि बाईंना म्हणाले, "आल्झो, तर सातव्या रकान्यात तीन माणसं अडली. चौथ्याने पेन टाकून दिलं. हा रकाना बदला."

बाई म्हणाल्या, "तो तसाच आहे."

"गेनाऊ, बरोबर," काका म्हणाले. "तेच सांगतोय."

माझं काम त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले.

घरातही तेच. धुलाई यंत्रावर चौदा बटणं होती. काकांनी पुठ्ठ्याचं एक छोटं झाकण करून त्यातली बारा झाकून टाकली होती. नवख्यांसाठी दोन बटणं. मुरलेल्यांनी झाकण उघडावं. जगात नवखे आणि मुरलेले अशा दोनच जाती आहेत, असं ते म्हणायचे. काकू काहीही असलं तरी चाळीस अंशांवरच धुवायच्या. काकांचे दोन स्वेटर त्यात आटून गेले.

"झाकण उघडून बघा ना," मी एकदा म्हटलं.

"मला त्याची भीती वाटते," काकू म्हणाल्या. "झाकलंय म्हणजे आत काहीतरी असणार."

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

काकूंना एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह होता, रोज इन्शुलिन घ्यावं लागणारा. काकांचं सगळं वेड तिथूनच सुरू झालं होतं. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता, नाव 'वही'. त्यात शुगर किती आली ते लिहायचं, काय खाणार ते लिहायचं, की ती सांगणार इन्शुलिन किती घ्यायचं. वही फुकट होती आणि तिचा कोड उघडा होता. कोणीही तो वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा. निरनिराळ्या गावांतली पंधरा-वीस माणसं नोकरीधंदा सांभाळून त्यावर काम करत आणि मेलवर भांडत. त्यातले बहुतेक स्वतः मधुमेही आणि मुरलेले. त्यांना पहिल्याच पडद्यावर सगळे आकडे, सगळे गुणक हवे होते. काकांना पहिल्या पडद्यावर एकच चौकट हवी होती. बाकीचं सगळं एक कळ दाबली की उघडेल. दोघांसाठी एकच वही, दोन वेगळ्या नाहीत, हा त्यांचा हट्ट.

"दोन केल्या की नवख्यांची वही मरते," ते म्हणायचे. "कारण लिहिणारे सगळे मुरलेले. ते आपलीच सुधारत बसतात."

घरी येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी-केकच्या बदल्यात पंधरा मिनिटं वहीसमोर बसावं लागे. धुराडी साफ करणारा माणूस वर्षातून एकदा यायचा, काळ्या कपड्यांत. काकांनी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून त्यालाही बसवलं. मी मागे उभी होते. वहीचा पहिलाच प्रश्न होता: तुमचं यंत्र कोणत्या मापात मोजतं? तो माणूस तिथेच थांबला.

हे माप म्हणजे काय ते सांगायला हवं. शुगर मोजायची जर्मनीत दोन मापं आहेत. पश्चिमेत आपल्यासारखंच, शंभर, दीडशे, दोनशे. पूर्वेत मात्र साडेपाच, आठ, अकरा. वस्तू तीच, आकडे वेगळे. भिंत पडून पंधरा वर्षं झाली तरी काकूंची शुगर अजून पूर्वेतच राहते, असं काका गमतीने म्हणायचे. काकू बहिणीकडून तिकडचंच यंत्र मागवत. आठ आलं की खूश, अकरा आलं की चेहरा पडलेला. घरात मला माहीत असलेले आकडे हेच.

धुराडीवाला म्हणाला, "मला काय माहीत कोणतं माप? माझ्या आईचं जे आहे ते."

त्याच्याआधी बेकरीतली बाई याच प्रश्नाला अडली होती. मीही अडले होते. काकांचा नियम होता, तीन माणसं एका जागी अडली तर ती जागा जाते, माणसं नाही. त्यांनी तो प्रश्न काढून टाकला. आता वही आकडा बघून स्वतःच ओळखणार होती. तीसच्या खाली आला तर पूर्वेचं माप, वर आला तर पश्चिमेचं. त्या दिवशी ते स्वतः जाऊन चेरीचा केक घेऊन आले. तेवढ्या आनंदात मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात काकूंचं जुनं यंत्र बंद पडलं. शुक्रवार होता. काकूंनी जवळच्या औषधाच्या दुकानातून नवीन आणलं. ते अर्थातच पश्चिमेच्या मापाचं. काकू कुरकुरल्या. काका म्हणाले, "वहीला काही फरक पडत नाही. ती ओळखते."

शनिवारी सकाळी ते दुसऱ्या गावी गेले. तिथे अशा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा मेळावा होता आणि रविवारी सकाळी काका नवीन वही सगळ्यांना दाखवणार होते.

रविवारी अकराच्या सुमाराला काकू बागेतून आल्या. गावाबाहेर त्यांचा भाड्याचा छोटा तुकडा होता, तिथे त्या सकाळपासून खणत होत्या. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. काकू खुर्चीवर बसल्या आणि माझ्याशी काहीतरी बोलल्या. मला वाटलं, त्यांच्या गावाकडच्या बोलीत बोलतायत. चेहरा घामाने भिजला होता. ऊन होतं, काम केलं होतं, त्यामुळे घामाचं मला काही वाटलं नाही. त्यांनी बोट टोचलं, पट्टी यंत्रात घातली आणि यंत्र त्यांच्या हातातून टेबलावर पडलं. मी उचलून पाहिलं. अठ्ठावीस.

अकराला चेहरा पाडणाऱ्या बाईंची शुगर अठ्ठावीस. मी घाबरले. माझ्या वडिलांची शुगर शेकड्यात असते, हे मला माहीत होतं, आणि एक क्षण ते मनात येऊनही गेलं. पण या घरात आकडे लहानच असत. आणि लॅपटॉप तिथेच, फ्रिजशेजारी उघडा होता. मी चौकटीत अठ्ठावीस लिहिलं.

पडद्यावर आलं: शुगर फार जास्त. इन्शुलिन बारा.

"काकू, बारा?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, ते मी आजही सांगू शकत नाही. त्यांचं इन्शुलिनचं पेन कसं वापरायचं ते मला येत होतं. हिवाळ्यात त्यांचा मनगटाचा सांधा सुजला होता तेव्हा मीच द्यायचे. मी पेनाची चकती बारावर फिरवली आणि सुई त्यांच्या पोटाला टोचली.

अठ्ठावीस पश्चिमेच्या मापातलं होतं. त्यांची शुगर इतकी खाली गेली होती की त्यांना त्या क्षणी दोन चमचे साखर द्यायला हवी होती. साखरेचा डबा माझ्या कोपराशी होता. पोह्यांसाठी काढलेला.

काही मिनिटांत त्या खुर्चीवरून घसरल्या आणि त्यांचं अंग झटके देऊ लागलं. मी एकशे बाराला फोन केला. पत्ता सांगताना मला घराचा नंबर आठवेना. रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या डॉक्टर बाईंनी काकूंचं रक्त तपासलं आणि विचारलं, "इन्शुलिन घेतलंय का? किती?"

"बारा."

"कोणी सांगितलं?"

मी लॅपटॉपकडे बोट केलं. पडदा अजून तसाच होता. त्यांनी ते वाचलं आणि लगेच काकूंना शिरेतून साखर द्यायला घेतली.

काका दुपारी थेट हॉस्पिटलमध्ये आले. त्यांच्या गळ्यात मेळाव्याचा बिल्ला तसाच होता. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. मी रडत होते. ते मात्र विचारत राहिले. "पडद्यावर नेमकं काय लिहिलं होतं? शब्द न शब्द सांग. तू किती वेळ थांबलीस? कुठे बघितलंस आधी, आकड्याकडे की वाक्याकडे?" मला वाटलं, या माणसाला हृदय नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"मला आता विचारू दे," काका म्हणाले. "उद्या तुला वेगळंच आठवेल."

शेवटी ते बाकावर बसले. म्हणाले, "तू बरोबर वाचलंस. तिथे जे लिहिलं होतं तेच केलंस. यात तुझं काही नाही."

मी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. बायको आत बेशुद्ध असताना कोणी असं मनापासून म्हणेल, हे मला खरं वाटलं नाही. मला वाटलं, मनात वेगळं आहे, ते नंतर बाहेर येईल.

तीन दिवसांनी त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं आणि एक कागद दिला. जुन्या मेलची छापील प्रत. हायडेलबर्गचा एक फार्मासिस्ट वहीवर काम करायचा, मुरलेल्यांपैकी. त्याने आठ महिन्यांपूर्वी काकांना लिहिलं होतं: माप ओळखायचा प्रयत्न करू नका. पश्चिमेच्या मापात कोणाची शुगर अठ्ठावीस आली तर वही ती पूर्वेची समजेल. त्याखाली काकांचं उत्तर होतं, दीड ओळीचं. पश्चिमेच्या मापात अठ्ठावीस असलेला माणूस कॉम्प्युटरसमोर बसत नाही, तो जमिनीवर पडलेला असतो.

"तो बसत नाही, हे खरंच होतं," काका म्हणाले. "दुसरं कोणी बसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी इतकी नवखी माणसं समोर बसवली, पण त्यांतल्या एकाच्याही घरात त्या वेळी कोणी मरत नव्हतं." मग म्हणाले, "हा कागद तुझ्याकडे राहू दे. पोलीस आले तर दाखव."

पोलीस आले. मी कागद दाखवला. काकांनी स्वतःच त्यांना जास्त सांगितलं. काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं की प्रकरण बंद केलं आहे. अशा प्रोग्रामबरोबर एक मजकूर असतो: हे जसं आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. पत्रात त्याचाही उल्लेख होता. काकांनी ते पत्र टेबलावर ठेवून दोनदा वाचलं.

"म्हणजे कोणीच नाही?" ते म्हणाले.

वहीच्या सगळ्या लोकांना त्यांनी पूर्ण नावाने मेल लिहिली होती. काय झालं, कशामुळे, कोणाच्या निर्णयामुळे. माझं नाव घातलं नव्हतं, 'घरातली एक व्यक्ती' एवढंच. उत्तरं आली. एकाने लिहिलं, म्हणूनच नवख्यांना या गोष्टीपासून लांब ठेवायला हवं. सात-आठ जण वेगळे झाले आणि वहीचा तोच उघडा कोड घेऊन त्यांनी आपली वेगळी वही काढली, फक्त मुरलेल्यांसाठी.

फार्मासिस्ट मात्र हायडेलबर्गहून स्वतः आला. पन्नाशीचा, उंच, लाजरा माणूस. सिंकमध्ये दोन दिवसांचे कप पडले होते. तो बाह्या सरसावून ते धुवायला लागला. पाठ करूनच म्हणाला, "मी एकदाच लिहिलं. तुमचं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा लिहायला हवं होतं."

काकूंनी नंतर डोळे उघडले. गिळायला लागल्या. पण ओळख परत आली नाही. त्यांना फ्लेगेहाइममध्ये ठेवलं, जिथे अशा माणसांची देखभाल करतात. त्या तिथे तीन वर्षं जगल्या. मी काकांबरोबर काही रविवार गेले. काकूंचे हात ब्लँकेटवर सारखे काहीतरी चाळत असायचे, कार्डांच्या खणातून पुस्तक शोधावं तसे. काका रोज जायचे. पलंगापाशी नर्सला बोलवायच्या रिमोटवर सहा बटणं होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दिवा लावायच्या आणि पाण्याची वाट बघत बसायच्या. काकांनी त्या मजल्यावरच्या सगळ्या रिमोटवरची चार-चार बटणं चिकटपट्टीने झाकून टाकली. तिथल्या प्रमुख बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि पुन्हा असं केलं तर येणं बंद करू म्हणून सांगितलं.

मी घर सोडायची नोटीस दिली. नियमाप्रमाणे तीन महिने राहावं लागणार होतं. त्या काळात आम्ही एकमेकांना टाळायचो, निदान मी तरी टाळायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू त्यांच्याचकडे राहतेस ना? त्या कॉम्प्युटरने बायकोला घालवली म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, मला काही माहीत नाही. घरी जाईपर्यंत मला त्या वाक्याची लाज वाटत होती.

जायच्या आदल्या आठवड्यात काका दारात येऊन उभे राहिले. "एकदा बसशील का वहीसमोर? नवीन पडदा केलाय."

"काका, मला नका विचारू."

"तुला नाही तर कोणाला विचारू? तिथे तू होतीस."

मी नाही बसले. उंटरश्लाइसहाइम नावाच्या दूरच्या गावात नवीन नोकरी होती, तिकडे निघून गेले.

तिथे पत्रं यायला लागली. पाकिटात वहीच्या पडद्याचं छापील चित्र आणि खाली त्यांच्या बारीक, सांगलीच्या शाळेत घोटलेल्या अक्षरात एकच प्रश्न: 'यात कुठे अडतेस?' दर महिन्या-दीड महिन्याने एक. पहिली पाच मी न वाचता खणात टाकली. सहावं उघडलं तेव्हा दिसलं की आता वही माप ओळखत नव्हती आणि विचारतही नव्हती. दोन यंत्रांची चित्रं होती, एकावर पाच पूर्णांक सहा, दुसऱ्यावर एकशे एक. तुमचं यंत्र यातल्या कोणासारखं दिसतं, त्यावर बोट ठेवा. आणि आकडा कुठल्याही मापात खूप खाली असू शकेल असा आला, तर हिशेब नाहीच. पूर्ण पडदाभर दोनच वाक्यं. इन्शुलिन देऊ नका. साखर द्या, एकशे बाराला फोन करा. मुरलेल्यांनाही तेच दिसणार होतं. त्यांना कळ दाबून ते बंद करता येणार नव्हतं.

मी त्यावर लिहून पाठवलं, 'अक्षरं अजून मोठी करा. तेव्हा हात थरथरत असतो आणि डोळे ओळीवर टिकत नाहीत. वाक्यांचा क्रम बदला. आधी साखर.'

सातव्या पत्रात क्रम बदललेला होता. आठवं आलं नाही.

काकू गेल्या तेव्हा मी गेले नाही. फोन केला, काका दोन मिनिटं बोलले. पुढच्याच हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी हायडेलबर्गच्या फार्मासिस्टचा फोन आला. काका गेले होते, झोपेत. वही त्यांनी आधीच त्याच्या स्वाधीन केली होती. बोलता बोलता तो म्हणाला, एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. अशा प्रोग्राममध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवतात. काय बिघडलं होतं, कोणी दुरुस्त केलं, आणि चूक कोणी लक्षात आणून दिली. मे महिन्यातल्या त्या चुकीची दुरुस्ती काकांच्या नावावर आहे. 'चूक लक्षात आणून देणारी व्यक्ती' या जागी तुमचं नाव आहे, आडनावासकट. ते त्यांनी मरायच्या थोडे दिवस आधी घातलं. तुम्हाला हे माहीत होतं का?

मला माहीत नव्हतं.

मला आधी राग आला. मला न विचारता, जगात कोणीही उघडून वाचू शकेल अशा जागी. मग वाटलं, त्यांच्या दुनियेत आभार मानायची हीच रीत आहे, धुराडीवाल्याचं नावही त्यांनी असंच कुठेतरी घातलं असेल. मग पुन्हा राग आला.

"तुमचं नाव असलेल्या प्रती लोकांकडे गेल्यात, त्यातून पुसता येणार नाही," फार्मासिस्ट म्हणाला. "पण पुढच्या आवृत्तीतून काढू शकतो. काढू का?"

मी विचार करून सांगते म्हटलं. तो वर्षातून एकदा, नाताळच्या शुभेच्छांबरोबर, शेवटच्या ओळीत पुन्हा विचारतो. मी शुभेच्छांना उत्तर देते.